चौथ्या मशीनची तारीख

"ह्यांच्यापुढं नारळ फोडायचा? भंगारवाला हसेल की गं," दादा म्हणाला.

टेबलावर पाच जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडले होते. एकाच्या की-बोर्डवरची अक्षरं पुसून गेली होती. एकाचा पंखा सुरू झाला की शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. ऑफिसातल्या अस्लमनं ते आमच्या गिऱ्हाइकांकडून मागून आणले होते. मला तसलेच हवे होते.

"दादा, आपलं सॉफ्टवेअर असल्याच मशीनवर चालतंय ना? मग तपासायचं पण असल्याच मशीनवर."

"फोडतो बाई, फोडतो," म्हणत त्यानं नारळ फोडला. पाणी चौथ्या मशीनवर उडालं, ते सारिकानं ओढणीनं पुसलं. अस्लमनं पेढे वाटले.

आमचं सॉफ्टवेअर रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी होतं. पेशंटचं नाव, जन्मतारीख आणि तपासणीचे आकडे भरले की ते रिपोर्ट छापायचं. एखादा आकडा त्या वयाच्या माणसाला जास्त किंवा कमी असला, तर त्याच्यापुढं एक चांदणी छापायचं. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत, पाइपांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, तेच ऑफिस. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, भरतेश मगदूम, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. शिक्षण बी.कॉम. सांगलीच्या एका क्लासमध्ये हिशेबाचं पॅकेज शिकवता शिकवता स्वतःच प्रोग्रॅम लिहायला शिकला. ह्या सॉफ्टवेअरची पहिली ओळ त्यानं लिहिली तेव्हा मी शाळेत होते. मलाही पहिला प्रोग्रॅम त्यानंच शिकवला, मांडीवर पाट ठेवून, त्या पाटावर की-बोर्ड ठेवून. पुढं मी इंजिनिअर झाले, पुण्यात नोकरीला लागले, ते सगळं त्याच्या जिवावर. मग एक दिवस त्याचा फोन आला. "गिऱ्हाईक वाढलंय त्रिशला. मला एकट्याला रेटत नाही. ये घरी." मी आले.

आल्यावर पहिल्यांदा जे दिसलं त्यानं मी हबकले. दादा आणि सारिका, दोघं कोड लिहायचे. सारिका कोळी आमच्याकडं दोन-तीन वर्षं होती, हुशार आणि फार कमी बोलणारी. दोघांचा कोड एकत्र करून त्याचा चालता प्रोग्रॅम बनवायचा, त्याला आम्ही बिल्ड म्हणायचो. तो बिल्ड अस्लम पेनड्राइव्हवर घेऊन गावोगाव जायचा, लॅबमध्ये बसवायचा, दोन-चार रिपोर्ट छापून बघायचा आणि चहा पिऊन परत यायचा. चाललं तर चाललं. नाही चाललं तर लॅबवाल्याचा फोन यायचा.

मी केलं ते एवढंच. कुणीही कोडमध्ये बदल केला की आपोआप नवा बिल्ड बनेल, तो पाचही मशीनवर चढेल, आणि प्रत्येक मशीन खोटे-खोटे पेशंट भरून त्यांचे रिपोर्ट स्वतःच तपासेल. सगळे रिपोर्ट बरोबर आले तर भिंतीवरच्या टीव्हीवर त्या मशीनचा चौकोन हिरवा. एक जरी चुकला तरी लाल. आणि खाली, शेवटचा बदल ज्यानं केला त्याचं नाव.

नाव दाखवायचं हे मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात दिसायचं, म्हणून इथंही ठेवलं.

पहिला लाल माझाच निघाला. सगळे हसले, दादा सगळ्यात मोठ्यानं. "पुण्याची इंजिनिअर आपटली!" म्हणून त्यानं खालून भजी मागवली. नंतर सारिकाचा आला, पुन्हा माझा आला. मग मात्र दादाचे यायला लागले, आणि येतच राहिले. त्याचा कोड जुन्या पद्धतीचा होता, त्याच्या मशीनवर चालायचा आणि दुसऱ्यावर अडायचा. इतकी वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं, आता भिंतीवर दिसत होतं. लाल चौकोन, खाली भरतेश. दुरुस्त केला की हिरवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, भरतेश.

भजी बंद झाली. दादा आपल्या केबिनमधून बाहेर यायचा तो टीव्हीकडं पाठ करून. चहा आत मागवायला लागला. मला हे दिसत नव्हतं असं नाही. होईल सवय, असं मी मनाशी म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात एक मोठं गिऱ्हाईक यायचं ठरलं. बेळगाव भागात त्यांच्या पुष्कळ लॅब होत्या आणि मालक स्वतः सोमवारी ऑफिस बघायला येणार होते. त्याआधीच्या आठवड्यात चौथा चौकोन लाल झाला आणि लालच राहिला. खाली नाव होतं सारिकाचं.

चौथ्या मशीनवर मी मुद्दाम अमेरिकन पद्धतीची तारीख लावली होती, महिना आधी आणि दिवस नंतर. कारण दुकानदार विंडोज नव्यानं टाकून देतात तेव्हा तारीख तशीच येते. मशीनवर कागदही चिकटवला होता, 'तारीख बदलू नये'. आणि आता प्रोग्रॅम तिथं तीन फेब्रुवारीला जन्मलेल्या खोट्या बाळाचा जन्म दोन मार्च धरत होता.

"सारिका, हे काय लिहिलंयस?" मी खोलीच्या मधोमध उभी राहून विचारलं. "तारीख अशी वाचतात? बाळाचं वयच चुकतंय. शाळेतलं पोरगं पण असा कोड लिहिणार नाही."

सारिकानं एकदा केबिनच्या दाराकडं बघितलं. दारात दादा उभा होता, हातात चष्मा घेऊन.

"अगं, अस्लम प्रत्येक लॅबमध्ये तारीख नीट लावून देतो की," तो म्हणाला. "अमेरिकन तारीख कोण ठेवतंय आपल्याकडं?"

"उद्या मशीन फॉरमॅट केलं तर? तेव्हा काय अस्लम तिथं असणाराय? दादा, हे असलं लिहिणाऱ्याला खरं तर लॅबच्या सॉफ्टवेअरला हातच लावू देऊ नये."

"बघते मी," सारिका हळूच म्हणाली. दादा आत गेला.

सोमवारी सकाळी आले तर पाचही चौकोन हिरवे. मला इतकं बरं वाटलं! "शाब्बास सारिका," मी म्हणाले. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजली.

पाहुणे आले. मी त्यांना मशीन दाखवली, टीव्ही दाखवला. त्यांच्या समोर एक छोटा बदल करून दाखवला, आणि पाचही चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले. मालक खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले. "म्हणजे आमच्याकडं येणारं सॉफ्टवेअर तपासूनच येणार," ते म्हणाले. दादा म्हणाला, "बहिणीची कमाल आहे, सर." बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याच आठवड्यात अस्लम तो बिल्ड घेऊन शिरोळ तालुक्यातल्या लॅबना बसवायला गेला.

मे महिन्यात फोन आला. सांगलीचे बालरोगतज्ज्ञ डॉक्टर नलवडे. दादानं फोन स्पीकरवर घेतला, कारण आम्ही सगळे तेव्हा त्याच्याच टेबलाभोवती होतो.

"मगदूम, माझ्यासमोर दोन महिन्यांचं बाळ आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळे हळदीसारखे पिवळे. आणि तुमचा सहा तारखेचा रिपोर्ट म्हणतो वय तीन दिवस. तीन दिवसांच्या बाळाला एवढी कावीळ चालते, म्हणून चांदणी नाही. दोन महिन्यांच्या बाळाला नाही चालत! आईबाप लॅबमधून कागद घेऊन घरी गेले आणि चांदणी नाही म्हणून निवांत राहिले. आजीनं हट्ट धरला म्हणून आज आणलंय. ह्या आजारात ऑपरेशनला उशीर झाला तर यकृत जातं, कळतंय का?"

दादानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "सर, लॅबमध्ये जन्मतारीख चुकीची भरली असणार. तिथली मुलगी..."

"तसं असेल तर तिला ठेवू नका म्हणावं त्यांना," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन दिवस. मी सहा तारखेपासून उलटं मोजलं, तीन मे; दिवस-महिना फिरवला की पाच मार्च. उठून चौथ्या मशीनपाशी गेले. पाच मार्च भरलं. वय बरोबर आलं, दोन महिने. मग सेटिंग उघडलं. दिवस आधी, महिना नंतर. कुणीतरी तारीख फिरवून ठेवली होती. 'बदलू नये' लिहिलेला कागद तसाच चिकटलेला होता.

"अस्लमभाई, ह्या मशीनला कुणी हात लावला?"

अस्लमनं आधी दादाच्या केबिनकडं बघितलं, मग जमिनीकडं. "ते पाव्हणे यायच्या आदल्या रविवारी दादांनी ऑफिसची किल्ली नेली होती माझ्याकडनं. मी काय विचारलं नाही ताई."

"सारिका, तू कोड दुरुस्त केला होतास ना?"

तिचे डोळे भरले. "ताई, तो कोड माझा नव्हताच. दादा म्हणाले, तुझ्या नावानं चढव, माझं नाव रोज दिसायला लागलंय. मग सोमवारी हिरवं झालं तेव्हा मला वाटलं, तुम्हीच दोघांनी मिळून नीट केलं."

भरल्या खोलीत मी तिला बोलले होते ते शब्द न् शब्द मला आठवले. तिनं ते दादासाठी ऐकून घेतले होते. केबिनची काच बंद होती आणि आत दादा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. त्यानं आमचं बोलणं ऐकलं असावं. बाहेर आला तेव्हा गाडीची किल्ली हातात होती. "लॅबला जाऊन येऊ," एवढंच म्हणाला.

वाटेत कुठून सुरुवात करायची हे मला कळत नव्हतं. सख्ख्या भावाला तू खोटं का केलंस असं विचारायचं, तर आधी त्याच्याकडं बघावं लागतं, आणि मी सारा वेळ खिडकीतून उसाची रानं बघत होते.

लॅब म्हणजे एका दवाखान्याच्या खालची खोली. मालक शेडबाळे काउंटरमागं उभे होते. रिपोर्ट करणारी मुलगी, वनिता, स्टुलावर बसली होती. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"बरं झालं आलात," शेडबाळे म्हणाले. "सांगा हिला तुम्हीच. सकाळपासून एकच धरून बसलीय, मी बरोबर भरलं, मी बरोबर भरलं. बाळाचा बाप इथं येऊन तमाशा करून गेला."

"मी पाच मार्चच भरलं हो," वनिता दादाला म्हणाली. "बाळाच्या कार्डावर बघून भरलं. आजी समोर उभी होती."

"भरून दाखव बरं," मी म्हणाले.

तिनं भरलं. आकडे बरोबर होते. आधी पाच, मग तीन. स्क्रीनवर वयाच्या जागी दिवस आले, महिने नाही. शेडबाळे चष्मा लावून वाकले, पुन्हा सरळ झाले. मशीन महिन्याभरापूर्वी बिघडलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून विंडोज नव्यानं टाकून आणलं होतं, असं त्यांनीच सांगितलं.

आता बोलणं मला भाग होतं. वाटेत मी ते जुळवून ठेवलं होतं. "शेडबाळेकाका, हिनं तारीख बरोबर भरली होती," मी म्हणाले. "चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. ह्या मशीनवर तो महिना आधी वाचतो. आम्हाला हे माहीत नव्हतं."

शेवटचं वाक्य मी दादासाठी बोलले. तेवढं झाकलं की तो सुटला असता. चुका सगळ्यांच्याच प्रोग्रॅममध्ये असतात, माणसं समजून घेतात.

"माहीत होतं," दादा म्हणाला.

मी त्याच्या बाहीला हात लावला. त्यानं तो बाजूला केला नाही, पण थांबलाही नाही.

"माहीत होतं आम्हाला. म्हणजे मला. आमच्या ऑफिसात मशीन आहेत तपासायला, हिनं बसवलेली. त्यातल्या एकानं हीच चूक पकडली होती. मी कोड नीट करायच्या ऐवजी त्या मशीनची तारीख फिरवली. आणि सकाळी डॉक्टरांना सांगितलं, लॅबच्या मुलीनं चुकीचं भरलं असेल." तो वनिताकडं वळला आणि हात जोडले. "तुमची काही चूक नाही. मी डॉक्टरांना फोन करून सांगतो. बाळाच्या घरी जाऊनही सांगतो."

वनितानं त्याच्याकडं बघितलं नाही. "गावात झालं ते झालंच की आता," ती म्हणाली आणि ओढणीनं स्क्रीन पुसायला लागली. त्या स्क्रीनवर काही नव्हतं पुसण्यासारखं. मला खाली बघावं लागलं. माझ्या त्या 'माहीत नव्हतं' ह्या वाक्यात तिच्यासाठी काहीच नव्हतं. ते मी आमच्या घरासाठी बोलले होते.

दादानं तिथूनच फोन केला, सगळ्यांसमोर. डॉक्टरांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होता. बाळाला पुण्याला पाठवलं होतं. मग आम्ही बाळाच्या घरी गेलो. बाप नव्हता, आजी होती. तिला तारखेचं काही समजलं नाही. तिनं पाणी दिलं, आणि ते पाणी आम्हाला प्यावं लागलं.

परत येताना मीच विचारलं. "दादा, त्या पाहुण्यांसाठी केलंस का रे? एवढं मोठं गिऱ्हाईक जाईल म्हणून?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "त्यांना काय कळतंय गं. लाल दिसला असता तर म्हणालो असतो, काम चालू आहे. ते गेले असते कौतुक करून."

"मग?"

"तू सोमवारी येऊन बघणार होतीस. सारिकाला बोललीस ना तसं. मला म्हणाली नव्हतीस, पण मलाच म्हणाली होतीस." समोरून ट्रॅक्टर येत होता, त्यानं गाडी कडेला घेतली आणि ट्रॅक्टर गेल्यावरही तशीच थांबवून ठेवली. "शनिवारभर बसलो होतो त्या कोडपुढं. जमेना. तुला विचारावं म्हणून दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो. नाही विचारवलं."

ज्या माणसानं मला पाटावर की-बोर्ड ठेवून शिकवलं, त्याला मला विचारायची भीती वाटत होती. मी घरी आले होते त्याला हातभार लावायला. आणि दोन-चार महिन्यांत त्याच्याच ऑफिसात त्याला माझ्याकडं पाठ करून चालायला लावलं होतं. हे मी त्याला तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पुढचे काही दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून एकच काम केलं. अस्लम प्रत्येक लॅबमध्ये पुन्हा गेला. त्या बिल्डवर छापलेला प्रत्येक लहान मुलाचा रिपोर्ट आम्ही पुन्हा तपासला. आणखी काही वयं चुकली होती. सुदैवानं त्यांतून कुणाचं बिघडलं नव्हतं. बेळगावच्या मालकांना दादानं स्वतः फोन करून झालेलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर आमचे फोन घेतले नाहीत. वनितानं ती लॅब सोडली. शेडबाळेंनी तिला थांब म्हणून सांगितलं होतं, पण ती थांबली नाही.

बाळाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर नलवड्यांना दादा मधून मधून फोन करून विचारायचा. एकदा ते म्हणाले, "वाचलं हो. वेळेत गेलं. पण तुमच्यामुळं नाही, एवढं लक्षात ठेवा." दादा म्हणाला, "हो सर." फोन ठेवून त्यानं ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

सारिकाची मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे ताई." त्यानंतर ती मला काही विचारायला आली की आधी दारात उभी राहून माझा चेहरा बघायची. ते तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

आणि दादा? मला वाटलं होतं तो आता कोड लिहायचा सोडेल, गिऱ्हाइकांकडं बघतो म्हणेल. खरं सांगायचं तर मला तसं व्हावं असंही वाटत होतं. म्हणजे रोज त्याच्या नजरेला नजर द्यावी लागली नसती. पण लॅबची सगळी कामं आटोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःची खुर्ची ओढत केबिनच्या बाहेर आला. फरशीवर चाकांचा मोठा आवाज झाला, अस्लम आणि सारिका दोघंही वळून बघायला लागले. खुर्ची त्यानं माझ्या टेबलाला लावली, बसला, चष्मा पुसून घातला.

"तारीख कशी वाचायची ते दाखव," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

मी दाखवायला लागले. सारिकाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलत होते, जवळजवळ त्याच्या कानात. आणि तो दर दोन ओळींनी मला थांबवून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होता, "हे नाही कळलं. परत सांग."